एकाच ताग्यातले शर्ट

"पप्पा, तुम्ही बाहेरच थांबा," मुलगी म्हणाली आणि काचेचं दार ढकलून आत गेली.

परभणीत वसमत रोडवर तयार कपड्यांचं नवीन दुकान झालंय. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला गाडीवरून इथवर आणायला मी लागतो, परत न्यायलाही लागतो, पण मधल्या तासाभरात माझं काही काम नसतं. समोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर माझ्यासारखे आणखी दोन बाप बसले होते. एकमेकांशी बोलत नव्हते. रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसतात तसे बसले होते.

या वयात मुलं आईबापांपासून लांब का पळतात, यावर हल्ली शाळेत पालकांसाठी व्याख्यानं होतात. मी एकाला गेलो होतो. वक्त्यांनी पडद्यावर मेंदूचं मोठं चित्र दाखवलं, त्यात लाल भाग आणि निळा भाग होता. सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. मुलांनाही बोलावलं होतं, पण मुलं आईबापांबरोबर यायला तयार नव्हती. मला त्या चित्रातलं फारसं कळलं नाही. माझ्या बाबतीत कारण मेंदूत नव्हतं, कापडात होतं.

तेव्हा आम्ही सेलूला राहत होतो. बाबा तिथल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत गणित शिकवायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत होतो. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी बाबा आम्हा दोघांना घेऊन कापडाच्या दुकानात जायचे. शेटजी गादीवर एकेक तागा उलगडून टाकायचे. बाबा रंगाकडे बघायचेच नाहीत. कापड मुठीत चुरगाळायचे, सोडायचे आणि त्याला किती चुण्या पडल्या ते बघायचे.

"टिकंल का?"

"सर, तुमचा शर्ट पोरं घालतील."

"पोरांचे पण त्यातच करायचेत," बाबा म्हणायचे, आणि तिघांचं कापड एकाच ताग्यातून फाडलं जायचं. त्यामागं काही तत्त्वज्ञान नव्हतं. एकत्र घेतलं तर शेटजी वर थोडं जास्तीचं कापड द्यायचे, एवढंच. त्या जास्तीच्या कापडाचे आई उशीचे अभ्रे करायची. एका वर्षी खिडकीचा पडदा केला. त्या वर्षी मी खिडकीपाशी उभा राहिलो की आई म्हणायची, "जरा हल रे, तू कुठं संपतोस अन् पडदा कुठं सुरू होतो, कळत न्हाई."

कापड घेऊन आम्ही चाचांकडे जायचो. चाचा आमचे टेलर. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. ते टेप माझ्या छातीभोवती घ्यायचे आणि बाबा मागून म्हणायचे, "वाढत्या अंगाचं घ्या."

"लेकरू तर वाढायलंच की सर," चाचा म्हणायचे आणि टेपमध्ये चार बोटं घालायचे. मग माझ्याकडे बघून त्यात पाचवंही घालायचे.

असा शर्ट पहिलं वर्ष मला घालायचा, दुसऱ्या वर्षी मी त्याला घालायचो, आणि अंगाला नीट बसायला लागला की महिन्याभरात कोपरावर फाटायचा.

लहानपणी याचं काही वाटलं नाही. उलट दिवाळीच्या सकाळी तिघं ओळीनं उभे राहायचो, आई ओवाळायची, तेव्हा मला वाटायचं की आमची एक पलटण आहे. पण अकरावीत गेलो आणि वर्गातल्या पोरांनी आम्हाला नंबर दिले. बाबा एक नंबर, मी दोन, भाऊ तीन. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "ए दोन नंबर! एक नंबर कोणत्या वर्गावर हायेत बे? सांग, मंग आमी तिकडून जात न्हाई."

गावातही तेच. सायकलचं पंक्चर काढायला गेलो, तर तो माणूस म्हणायचा, "सरांचा मोठा ना?" भाजीवाली म्हणायची, "सरांचा मोठा ना? सरांना गवार आवडती, घेऊन जा." मला बाबांचा राग नव्हता, हे मला नीट सांगायचंय. ते मारत नव्हते, ओरडतही फारसे नव्हते. नुसतं मी जिथं जायचो तिथं ते माझ्या आधी पोचलेले असायचे. मला एकच गोष्ट हवी होती. एखाद्या दिवशी मी रस्त्यानं जावं आणि बघणाऱ्यानं विचारावं, हा कोण?

त्या वर्षी गॅदरिंगला पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पाहुणे म्हणजे दुसरे कोणी नव्हते, संस्थेचे अध्यक्षच होते. दरवर्षी तेच पाहुणे असायचे आणि दरवर्षी त्यांचा परिचय करून दिला जायचा. परिचयाचा कागद ऑफिसातून आला. त्यात शिक्षणमहर्षी, कर्मयोगी, दीनांचे कैवारी अशी विशेषणं होती, आणि कोणतं विशेषण वाचून किती थांबायचं तेही पेन्सिलनं लिहिलं होतं. थांबायचं ते टाळ्यांसाठी. मला त्या विशेषणांशी देणंघेणं नव्हतं. सगळी शाळा समोर बसणार आणि मी एकटा माइकपाशी उभा राहणार, एवढंच डोक्यात होतं. तिथं दोन नंबर म्हणून उभं राहायचं नव्हतं.

शर्ट हवा होता, आणि घरात कापड होतं.

लग्नात आहेर म्हणून जे शर्टपीस येतात, ते आमच्याकडे शिवायची पद्धत नव्हती. ते फिरवायचे असतात. आई ते सगळे लोखंडी पेटीत ठेवायची आणि पुढच्या लग्नाला त्यातला एक काढून, कोपऱ्याला हळदीकुंकू लावून, दुसऱ्याला द्यायची. कोणता कोणाकडून आला हे तिला तोंडपाठ असायचं, कारण ज्याचा त्यालाच परत गेला तर जन्माची बोलणी. एक मोतिया रंगाचा पीस काही वर्षांनी फिरून आमच्याच घरी आला होता. त्याच्या कोपऱ्यावर आईच्याच हातचं हळदीचं बोट होतं. आईनं तो परत पेटीत ठेवला. "ह्यानं आपल्यापेक्षा जास्त गावं बघितली," बाबा म्हणाले.

त्या पेटीत सगळ्यात वर एक नवा पीस होता. बदामी रंग, त्यावर बारीक मरून चौकडी. महिन्याभरापूर्वी अध्यक्षांच्या मुलीचं लग्न परभणीत झालं होतं. शाळेतले सगळे शिक्षक जीप करून गेले होते आणि बाबा परत येताना हा पीस घेऊन आले होते. आईला दिला आणि म्हणाले, "ठेव. पुढच्या लग्नाला होईल."

इतकं देखणं कापड आमच्या घरात त्याआधी आलं नव्हतं. मला वाटलं, हे नुसतं गावोगाव फिरण्यापेक्षा माझ्या अंगावर आलं तर काय बिघडतंय? एका दुपारी आई शेजारी गेली होती, तेव्हा मी पेटी उघडली आणि पीस दप्तरात घातला.

चाचांकडे जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी टेपमध्ये पाच बोटं घातली असती आणि संध्याकाळी बाबांना सांगितलं असतं. म्हणून मी पॅसेंजरनं परभणीला गेलो. तिथं एक टेलर होता, ज्याच्या दुकानात भिंतभर घट्ट शर्टातल्या माणसांचे फोटो होते. त्यानं विचारलं, "फिटिंग कशी?" हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं. मी भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं.

"श्वास घ्यायचा का न्हाई?" तो म्हणाला.

"थोडा," मी म्हणालो.

गॅदरिंगला आठ दिवस राहिले असतील. बाबा जेवता जेवता आईला म्हणाले, "तो चौकडीचा पीस काढून ठेव बरं. शिवायला टाकतो."

माझा घास तोंडातच राहिला. बाबा आहेराचा पीस शिवायचा म्हणतायत, हे नवीन होतं. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो. आईनं पेटी उघडली. मग सगळी रिकामी केली. मग कपाट उपसलं. शेवटी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझ्याच हातून गेला वाटतं. परवा बारशाला घाईत पीस काढला की मी. तोच गेला असंल. कुठं ध्यान असतंय माझं!"

"जाऊ दे," बाबा म्हणाले.

"जाऊ दे कसं? नवा करकरीत पीस!"

"जाऊ दे म्हणतो ना. दिवाळीचा शर्ट घालतो."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. आई पुढचे आठ दिवस त्या बारशाचं नाव काढून स्वतःला बोल लावत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. मी मनाशी ठरवलं होतं की शर्ट अंगावर घालून एकदम समोर यायचं. चारचौघांत बाबा काही बोलणार नाहीत, घरी आल्यावर काय व्हायचं ते होईल.

त्या आठ दिवसांत मी चाचांच्या दुकानावरून जायचं टाळलं. स्टेशनला जातानासुद्धा लांबच्या रस्त्यानं गेलो. एरवीसारखा गेलो असतो, तर मला तिथं खिळ्यांना टांगलेले बदामी रंगाचे आणि मरून चौकडीचे चौदा शर्ट दिसले असते.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारच्या गाडीनं परभणीला गेलो, शर्ट टेलरकडेच घातला आणि परतीच्या गाडीत शिवण उसवू नये म्हणून उभ्यानंच आलो. स्टेशनवरून चालत निघालो. एक माणूस सायकल थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मला फार बरं वाटलं. त्याला मी ओळखू आलो नव्हतो, असं मला वाटलं. आता वाटतं, तो शर्टालाच ओळखत असावा.

शाळेच्या मैदानावर मंडप भरलेला होता. गाडीला उशीर झाला होता, त्यामुळे मागच्या बाजूनं कोणीतरी मला जवळजवळ ढकलूनच स्टेजवर चढवलं. मी माइकपाशी गेलो, कागद उघडला, आणि पहिल्या विशेषणाच्या आधी समोरून हसू फुटलं. आधी पोरांच्या बाजूनं, मग सगळीकडून. मला कळेना. मी वळून बघितलं.

माझ्यामागं सगळे शिक्षक ओळीनं बसले होते. मुख्याध्यापक, इंग्रजीचे सर, पीटीचे सर, प्रयोगशाळेचे मदतनीससुद्धा. सगळ्यांच्या अंगावर बदामी शर्ट, मरून चौकडी. पीटीच्या सरांच्या पोटावर चौकडीचे चौकोन ताणून आयत झाले होते.

अध्यक्षांनी आहेरासाठी अख्खा तागा घेतला होता. आणि त्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ आहे, तेव्हा सगळ्यांनी तोच शर्ट घालून यावं, अशी सूचना मुख्याध्यापकांनी शिक्षकांना दिली होती. ज्या घरात सगळ्यांचे शर्ट एकाच ताग्यातून निघायचे, त्या घरात वाढलेल्या पोराच्या हे लक्षात यायला हवं होतं. मी बापाच्या ताग्यातून निघालो होतो आणि सरळ अध्यक्षांच्या ताग्यात जाऊन पडलो होतो.

ओळीच्या टोकाला बाबा बसले होते. दिवाळीच्या निळ्या शर्टात. तसाच निळा शर्ट समोर पाचव्या रांगेत माझ्या भावाच्या अंगावर होता. सबंध ओळीत बाबा एकटेच वेगळे दिसत होते.

"अरे वा!" अध्यक्ष उठले. त्यांनी माझ्यासमोरचा माइक काढून घेतला आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला. शर्ट काखेत टर्रकन उसवला. "बघा! ह्याला म्हणतात निष्ठा! आमच्या संस्थेचा विद्यार्थीसुद्धा आमचाच शर्ट घालतो! संस्था म्हणजे एक कुटुंब आहे, हे मी नेहमी सांगतो." टाळ्या पडल्या. मग त्यांची नजर ओळीवरून फिरत टोकाला गेली आणि तिथं थांबली. माइक तोंडासमोरच होता. "सर, तुमचा कुठाय? आमचं कापड पसंत नाही काय?"

मुख्याध्यापक बसल्या जागी पुढं सरकले. मला एवढंच कळत होतं की बाबांच्या नोकरीचा धनी त्यांना सगळ्या गावासमोर विचारतोय, आणि त्याचं उत्तर माझ्या अंगावर आहे.

बाबा उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. कॉलरपासून उसवलेल्या काखेपर्यंत नीट बघितलं.

"पोराच्या अंगावर हाय साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरात एकच आला होता. एकानं घातला."

लोक हसले, पण या वेळचं हसू वेगळं होतं. अध्यक्षही हसले, कारण सगळे हसत होते. मी परिचय वाचला. कुठं थांबायचं ते विसरलो, त्यामुळे टाळ्या पडल्या नाहीत.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते, भाऊ दांड्यावर बसला होता. बाबा म्हणाले, "कुठं शिवला?"

"परभणीला."

"कॉलर बरी काढलीय. काखेत गेला मात्र."

"वाढत्या अंगाचा शिवायला पाहिजे होता," भाऊ दांड्यावरून म्हणाला.

"तू गप बस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी बाबा थांबले. म्हणाले, "मला तो घालायचाच नव्हता. माणसं काय बँडपथक हायेत, एका रंगात बसवायला? कसा घालायचा न्हाई, तेवढं सुचत नव्हतं. पीस हरवला म्हणली तुझी आई, तर मी सुटलो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तरी पण पुढच्या वेळी विचारून चोरत जा. अन् आता आईला जाऊन सांग. ती त्या बारशाच्या मागं लागलीय."

मी सांगितलं. आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तेव्हा दुसरी काखही उसवली. मग ती तिथंच बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. "मी येड्यासारखी आठ दिवस देवाला विचारायलेय, कुठं गेला, कुठं गेला!"

पुढच्या जूनमध्ये बाबांकडे शाळेतला सगळ्यात दंगेखोर वर्ग आला आणि शिवाय ग्रंथालयाच्या कपाटांची मोजदाद. या दोन गोष्टींचा त्या निळ्या शर्टाशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही. बाबांनी तो कधी जोडला नाही.

दिवाळी आली. बाबा कापडाच्या दुकानात निघाले आणि दारात थांबून मला म्हणाले, "तू तुझं बघ. परभणीला जाऊन ये." पैसे हातावर ठेवले आणि भावाला घेऊन गेले. दुकानात शेटजींना म्हणाले, "औंदा एक शर्ट कमी." हे मला भावानं सांगितलं. शेटजींनी विचारलं म्हणे, "का हो सर, मोठा कुठं गेला?" तर बाबा म्हणाले, "कुठं जातो? हायेच की."

मी परभणीला गेलो. सबंध दुपार चार दुकानं हिंडलो. कापड कसं बघायचं मला माहीत नव्हतं. शेवटी एका दुकानात मी कापड मुठीत चुरगाळलं, सोडलं आणि किती चुण्या पडल्या ते बघितलं. कोणी बघत नाही ना, याची आधी खात्री केली.

त्या दिवाळीचा फोटो माझ्याकडे आहे. बाबा आणि भाऊ शेजारी शेजारी, पोपटी शर्टात. खिडकीवर पोपटी पडदा, कारण कापड तरीही उरलं होतं. मी एका बाजूला, जांभळ्या शर्टात, छाती पुढं काढून. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. फोटो बघणारा नवा माणूस बाबांवर बोट ठेवतो, भावावर ठेवतो, मग माझ्यावर ठेवून विचारतो, "आणि हा कोण?"

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्या फोटोत ते नेमके माझ्याच बाजूला किंचित झुकलेत. त्या दिवशी मला त्याचा पत्ताही नव्हता.

काचेचं दार उघडलं. मुलगी पिशवी घेऊन बाहेर आली आणि न राहवून तिथंच काढून, अंगाला लावून दाखवायला लागली. काळ्या रंगाचा, टोपीवाला, ढगळ अंगरखा. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली गेल्या होत्या. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"तुझ्या मापाचा नाही मिळाला का?" मी विचारलं.

"हेच माप आहे, पप्पा. सगळ्याजणी असाच घेतायत."

तेवढ्यात दुकानातून तिच्या वयाच्या तिघी बाहेर आल्या. तिघींच्या हातात तशीच पिशवी होती. चाचा असते तर त्यांनी आनंदानं टेपमध्ये दोन्ही हात घातले असते.

मी कापड चिमटीत धरलं, चुरगाळलं आणि सोडलं. चुणी पडली नाही.

"चांगलंय," मी म्हणालो. "माझ्या मापाचा आहे का त्यांच्याकडे?"

"पप्पा, प्लीज!" ती म्हणाली. आधी त्या तिघींनी ऐकलं का ते बघितलं, अंगरखा कोंबून पिशवी बंद केली, आणि गाडीवर माझ्यामागं बसली. पिशवी तिनं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.